वेटिंग आठ, नऊ

चार्ट लागला तरी आमचा आकडा तोच.
वेटिंग आठ, नऊ.
महिनाभर जागचा हलला नव्हता,
नरसय्यासारखाच.

गाडी गेली. आम्ही बाकावर.
मांडीवर बॅग, बॅगेत दोन स्वेटर,
त्यातला एक पद्माक्काचा, मागून आणलेला.
घराची चावीही तिच्याचकडं.
आता परत गेलो तर अख्खं विडी घरकुल विचारणार.

कॅलेंडरातलं गाव घरी भिंतीवर राहिलं:
मागं डोंगर, पुढं तळं, तळ्यात लाल होडी,
आणि खाली पतसंस्थेचा फोन नंबर.

उजाडलं तसा हा म्हणाला,
"पहिल्या दिवशी तळंच बघायचं होतं ना?
तळं हाय की इथं."

उप्पीट खाल्लं, दोन दोन चहा घेतले.
कुणी भोंगा वाजवत नव्हतं,
कुणी हजेरी मांडत नव्हतं.
रिक्षा नको म्हणालो, चालतच गेलो
नव्या गावात चालतात तसे,
पाट्या वाचत.

सिद्धेश्वराला मी किती वेळा आले असेन.
लग्नानंतर आले, सरिता पोटात असताना आले,
नवसाला आले, नवस फेडायला आले,
गड्ड्याच्या गर्दीत चप्पल हरवून आले.
नुसतं बघायला
आज पहिल्यांदा.
देवाला काय सांगावं सुचेना.
बरं आहे, म्हटलं. फिरायला आलोय.

पायरीवर बसून माशांना चुरमुरे टाकले.
मासे कसे एकमेकांच्या अंगावरून येतात,
रेशनच्या रांगेसारखे.
नरसय्या बोलत होता.
तीस वर्षं लूमच्या खडखडाटात वरडून वरडून
घरात मीठ मागितलं तरी भांडण वाटायचं याचं.
इथं पाण्याजवळ
एवढ्या हळू बोलला
की मला दोनदा विचारावं लागलं, काय म्हणालास?
काही नाही, म्हणाला. पाणी हिरवं आहे म्हटलं.

मग किल्ला.
डोंगर नाहीच आमच्याकडं,
किल्लासुद्धा जमिनीवर मांडी घालून बसलेला.
बुरजावर चढलो तेवढीच काय ती चढण.
मी म्हटलं, दम लागला.
तो म्हणाला, लागू दे, हवा पातळ असते वर.
आणि हसला,
तुटलेला धागा शोधणारी त्याची बोटं
उगीच कठड्यावरून फिरत राहिली.

खाली एक जीप थांबली, लातूरकडची माणसं.
"रेवणसिद्धेश्वराला कसं जायचं हो?"
हा म्हणाला, "आम्हीपण नवीनच आहोत इथं."
माणसं वळली.
मग याला राहवेना.
पळत गेला मागं,
कुठला चौक, कुठं वळायचं,
गाडी कुठं लावायची, नारळ कुठं घ्यायचा नाही,
सगळं सांगितलं.
"नवीन आहात म्हणालात ना?"
"कालच आलो. पण चौकशी केलीय सगळी."

दुपारी बागेत झोपलो.
बाई माणूस मी, पन्नाशीची,
बॅग उशाला घेऊन उघड्यावर झोपले
आणि कुणी काही म्हणालं नाही.

संध्याकाळी पाण्यात दिवे आले.
थंडी नव्हतीच.
तरी स्वेटर घातले आम्ही दोघांनी,
एवढे वागवले दिवसभर म्हणून.
भेळवाला बघत होता. बघू दे.

"उद्या कंबर तलाव," तो म्हणाला,
"परवा हिप्परगा. रजा अजून तीन दिवस हाय."
"आणि रात्री?"
तो उत्तर न देता चालू लागला.

लॉजवाल्या पोरानं आधार कार्ड मागितलं.
वाचलं. पुन्हा वाचलं.
विडी घरकुल, सोलापूर.
आमच्याकडं बघितलं, मग स्वेटरांकडं.
मी पदर नीट केला. नरसय्या भिंतीवरचं घड्याळ बघायला लागला.

पोरानं वहीत नाव लिहिलं.
"तळ्याच्या बाजूची खोली देऊ का?" म्हणाला,
"खिडकी पूर्ण उघडत नाही तिची.
पण दिसतं थोडं."